गोर्यो: काल्पनिक कोरियन राज्यांमागचं खरं राज्य (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोरियन ऐतिहासिक मालिका बघणारे आणि त्या धर्तीवर स्वतःचं एखादं काल्पनिक राज्य रचून कथा लिहू पाहणारे बरेच जण मला प्रश्न विचारतात. प्रश्न वेगवेगळे असले तरी त्यांच्या मुळाशी बहुतेकदा एकच समजूत असते: जुना कोरिया म्हणजे जोसॉन (१३९२ नंतरचं कोरियन राज्य). घोड्याच्या केसांची काळी टोपी, वडीलधाऱ्यांसमोर मान खाली घालून बसलेली सून, पूर्वजांच्या पूजेचा मान फक्त थोरल्या मुलाला. हे सगळं खरं आहे, पण ते नंतरचं. त्याआधी पावणेपाचशे वर्षं तिथे गोर्यो नावाचं राज्य होतं आणि त्याचा समाज बराच निराळा होता. मला त्याबद्दल मनापासून प्रेम आहे, म्हणून उत्तरं थोडी लांबली आहेत.

मध्ययुगीन कोरिया म्हणजे नेमका कुठला काळ?

साधारणपणे गोर्योचाच काळ, म्हणजे इ. स. ९१८ ते १३९२. वांग गॉन नावाच्या सरदाराने ९१८ मध्ये गादी मिळवली. ९३५ मध्ये सिला राज्य त्याला शरण आलं आणि ९३६ मध्ये 'नंतरचं बेकजे' या राज्याचा पाडाव होऊन द्वीपकल्प एका छत्राखाली आलं. राजधानी गेग्यॉंग, म्हणजे आजचं उत्तर कोरियातलं केसॉंग. जग ज्या नावाने या देशाला ओळखतं ते 'कोरिया' हे नावही गोर्योवरूनच आलं. १३९२ मध्ये ई सॉंग-ग्ये या सेनापतीने गादी घेतली आणि जोसॉन सुरू झालं.

वांग गॉनला खरंच एकोणतीस राण्या होत्या का?

हो. पण त्यामागे रंगेलपणापेक्षा राजकारण अधिक होतं. गावोगावचे बलाढ्य सरदार स्वतःच्या फौजा बाळगून होते. त्यांना लढून नमवण्यापेक्षा त्यांचा जावई होणं स्वस्त पडत होतं. किंमत पुढच्या पिढीने मोजली: प्रत्येक राजपुत्राच्या पाठीशी एक आजोळ उभं होतं आणि वांग गॉन गेल्यावर गादीसाठी रक्त सांडलं. त्याचा मुलगा ग्वांगजोंग याने पुढे या सरदारांची नांगी ठेचली, पण ते खाली येईलच.

मुलींना वडिलांच्या मालमत्तेत खरंच वाटा मिळायचा?

मिळायचा, आणि मुलाच्या बरोबरीने. गोर्योच्या घरनोंदणीत मुलं वयाच्या क्रमाने लिहिली जात. आधी मुलगे, मग मुली असा प्रकार नव्हता. जमीन आणि विशेषतः गुलाम भावाबहिणींत वाटले जात. बाईने माहेरून आणलेली मालमत्ता तिचीच राही.

'गोर्यो-सा' या राजवटीच्या इतिहासात सोन ब्यॉन नावाच्या अधिकाऱ्याची एक हकीकत आहे. मी ती कितीही वेळा सांगू शकेन. तेराव्या शतकात ग्यॉंगसांग प्रांतात एक भाऊ आणि बहीण वर्षानुवर्षं भांडत होते. भावाचं म्हणणं, एकाच आईबापाची लेकरं असून सगळं हिलाच कसं? बहिणीने कागद पुढे केला: वडिलांनी मरताना सर्व मालमत्ता मला दिली, याला दिलं ते एक काळा अंगरखा, एक काळी टोपी, एक चपलांचा जोड आणि एक कोरा कागद. लेखी पुरावा असल्याने कुणालाही निवाडा करता येईना.

सोन ब्यॉनने विचारलं, वडील गेले तेव्हा आई कुठे होती? आई आधीच वारली होती. तुमची वयं काय होती? बहिणीचं लग्न झालेलं होतं, भाऊ अगदी लहान होता. तेव्हा तो म्हणाला, आईबापाची माया सगळ्या लेकरांवर सारखीच असते. या पोरक्या मुलाला बहिणीशिवाय कुणी नव्हतं. वाटा निम्मानिम्मा केला असता तर ती त्याला मनापासून सांभाळील की नाही, ही बापाला धास्ती. म्हणून त्याने सगळं तिच्या हवाली केलं आणि मुलाला या चार वस्तू ठेवल्या. मोठा झाल्यावर या कागदावर फिर्याद लिही, हा अंगरखा, ही टोपी आणि या चपला घालून कचेरीत जा, कुणीतरी समजून घेणारा भेटेल. हे ऐकून दोघंही गळ्यात पडून रडली आणि मालमत्ता निम्मीनिम्मी झाली.

यात बापाच्या शहाणपणाइतकंच मला दुसरं काही महत्त्वाचं वाटतं. मुलीला सगळं दिलं याचं कचेरीत कुणालाच नवल वाटलेलं नाही. तक्रार आहे ती वाटा असमान झाल्याची. समान वाटा हाच तिथला रिवाज होता, म्हणूनच हा खटला उभा राहिला.

मग पूर्वजांचे विधी कोण करायचं? त्याला मुलगाच लागत असेल ना?

नाही. आणि बायकांच्या मोकळीकीचं एक मोठं कारण इथेच आहे. श्राद्धासारखे विधी बहुतेक बौद्ध मठांत होत. भावंडं खर्च वाटून घेत, आळीपाळीने विधी करत. मुलीही करत. थोरल्या मुलाशिवाय वंशाला गती नाही ही कल्पना पुढे नव-कन्फ्यूशियन (चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियसच्या शिकवणीतून आलेल्या) विचारांबरोबर घट्ट झाली, आणि तीही लगेच नाही. जोसॉन आल्यावरसुद्धा समान वाटणी सतराव्या शतकापर्यंत टिकून होती.

लग्नानंतर मुलगी सासरी जायची की मुलगा?

बहुतेकदा मुलगा. लग्न वधूच्या घरी लागायचं आणि नवरा तिथेच राहायला जायचा, कित्येकदा मुलं मोठी होईपर्यंत. आपल्याकडे 'घरजावई' म्हटलं की त्यात एक खोच असते. तिथे तशी काही नव्हती, कारण जवळपास सगळेच जावई तसे राहत. मुलं आजोळी वाढत, आणि आईच्या बाजूच्या आजीआजोबांसाठी पाळायचं सुतकही बापाच्या बाजूइतकंच गांभीर्याने घेतलं जाई.

विधवेने किंवा घटस्फोटितेने पुन्हा लग्न करण्यात गैर मानत नसत. सॉंगजोंग राजाची राणी मुनदॉक हिचं आधी दुसऱ्या राजकुलीन पुरुषाशी लग्न झालेलं होतं. छुंगसॉन राजाने तर सात मुलांची आई असलेल्या एका विधवेशी, हॉ घराण्यातल्या सुनबीशी लग्न केलं. याच्या शेजारी जोसॉनचा १४८५ चा कायदा ठेवून बघा: पुनर्विवाह केलेल्या स्त्रीच्या मुलांना मुलकी अधिकाऱ्याच्या परीक्षेलाच बसता येईना. जोसॉनच्या पहिल्या शंभर वर्षांत एवढं बदललं.

पुरुषांना अनेक बायका करता येत होत्या का?

राजाला, हो. इतरांमध्ये एकच बायको हा सर्वसाधारण रिवाज होता. तो मोडायचा एक प्रयत्न झाला. छुंगन्यॉल राजाच्या काळात बाक यू नावाच्या अधिकाऱ्याने अर्ज केला की आपल्याकडे बायका जास्त आणि पुरुष कमी. तरी अधिकाऱ्यांना हुद्द्यानुसार उपपत्नी ठेवू द्याव्यात आणि त्यांच्या मुलांनाही नोकरीत समान हक्क असावेत. ही बातमी राजधानीत पसरली. पुढे दीपोत्सवाच्या संध्याकाळी बाक यू राजाच्या मिरवणुकीबरोबर चालला असताना एका म्हातारीने त्याच्याकडे बोट दाखवलं: उपपत्न्यांची परवानगी मागणारा म्हातारा भिकारडा तो हाच! मग रस्त्यावरच्या सगळ्या बायकांची बोटं त्याच्याकडे वळली. इतिहासकार लिहितो, लाल बोटांच्या जुड्या बांधल्यासारखं दिसत होतं. आणि पुढचं वाक्य: त्या वेळी मंत्र्यांमध्ये बायकोला भिणारे होते, म्हणून तो विषय तिथेच थांबला.

तुमच्या काल्पनिक राज्यात असा एक प्रसंग घातलात तर वाचक म्हणेल, हे आजच्या लेखकाने कोंबलंय. तरी घाला.

राजघराण्यात भावाबहिणींची लग्नं होत होती, हे खरं?

सावत्र भावंडांची आणि जवळच्या चुलत भावंडांची, हो. ग्वांगजोंगची राणी देमोक त्याची सावत्र बहीण होती. अशा राजकन्या आईकडचं आडनाव लावत. सत्ता आणि मालमत्ता बाहेर जाऊ नये हा हेतू. मंगोल दरबाराने पुढे यावर नाक मुरडलं आणि ही चाल मागे पडली.

समाजाची उतरंड कशी होती?

सगळ्यात वर राजधानीतली अधिकारी घराणी. त्यांच्याखाली गावोगावचे कारभारी, कचेरीतले लिपिक, सैनिक. त्याखाली शेतकरी, कारागीर, व्यापारी, आणि तळाला गुलाम.

इथे एका शब्दाचा घोळ होतो. मालिकांमध्ये 'बेकजॉंग' म्हणजे बहिष्कृत खाटीक. गोर्योत मात्र बेकजॉंग म्हणजे साधा शेतकरी, ज्याच्यावर सरकारची कुठली खास कामगिरी नेमलेली नाही असा. १४२३ मध्ये जोसॉन सरकारने कातडी-मांसाचं काम करणाऱ्या भटक्या जमातींना मुख्य प्रवाहात आणायचं म्हणून त्यांना हे 'सामान्य माणसाचं' नाव दिलं. नावाने माणसं वर आली नाहीत, उलट नावच खाली गेलं आणि खऱ्या शेतकऱ्यांनी ते टाकून दिलं. आपल्या वाचकाला हे समजावून सांगायची फारशी गरज पडू नये.

शेतकऱ्यांतही सगळे सारखे नव्हते. ह्यांग, बुगोक आणि सो असे खास प्रदेश होते. पहिल्या दोहोंत शेती, तर 'सो'मध्ये सोनं, चांदी, लोखंड, कागद, मातीची भांडी असं सरकारला लागणारं काही ना काही तयार व्हायचं. तिथली माणसं गुलाम नव्हती, पण त्यांच्यावर करांचा बोजा जास्त, मनाप्रमाणे गाव सोडता येत नसे आणि परीक्षांची दारं बंद. गोर्योची जी हिरवट-निळी चिनीमातीची भांडी आज जगभरच्या संग्रहालयांत काचेआड आहेत, त्यामागे असल्या वस्त्यांमधले हातही आहेत. ११७६ मध्ये गोंगजूजवळच्या म्यॉंगहाक-सो इथल्या मांगी आणि मांगसोई यांनी बंड केलं. सरकारने घाबरून त्या वस्तीचा दर्जा वाढवला आणि बंड थंडावल्यावर शब्द फिरवला.

गुलाम म्हणजे नेमकं काय?

'नोबी' म्हणत. मालक त्यांना विकू शके, दान देऊ शके, वारसांना वाटून देऊ शके. वर मी मुलींना समान वाटा मिळायचा असं कौतुकाने लिहिलं. त्या वाट्यात ही माणसंही होती. १०३९ च्या नियमाप्रमाणे गुलामाचं मूल आईच्या मालकाचं होई.

ग्वांगजोंगने ९५६ मध्ये गुलामांची तपासणी करून, अन्यायाने गुलाम केलेल्यांना सोडवलं. त्याला करुणा होती की नाही सांगता येत नाही, पण सरदारांचं मनुष्यबळ आणि फौज तोडायची होती हे नक्की. गुलाम सुटला की तो राजाला कर देणारा प्रजाजन होतो.

११९८ मध्ये मानजॉक नावाच्या गुलामाने राजधानीच्या उत्तरेच्या डोंगरावर लाकडं तोडायला आलेल्या गुलामांना गोळा केलं. त्याचं म्हणणं, सेनापती आणि मंत्री काय जन्मतःच ठरलेले असतात? वेळ आली की कुणीही होऊ शकतो. प्रत्येकाने आपापला मालक मारायचा आणि गुलामांच्या नोंदी जाळायच्या असा बेत ठरला. त्यांच्यातल्याच एकाने मालकाला सांगितलं. शंभराहून अधिक जणांना नदीत बुडवण्यात आलं.

नोंदी पुढे एकदा खरोखर जळल्या. १२५३ मध्ये मंगोलांनी छुंगजू किल्ल्याला वेढा घातला, तो सत्तर दिवस चालला. अन्न संपत आलं तेव्हा किल्ल्याचा रक्षक किम युन-हू याने, जो मूळचा बौद्ध भिक्षू, गुलामांच्या नोंदवह्या सर्वांसमोर जाळल्या आणि लढणाऱ्याला दर्जा न बघता हुद्दा देण्याचा शब्द दिला. छुंगजू पडलं नाही.

गरिबाचा मुलगा परीक्षा देऊन मंत्री होऊ शकत होता का?

कागदावर हो, व्यवहारात क्वचित. ग्वांगजोंगने ९५८ मध्ये शुआंग जी या चीनहून आलेल्या विद्वानाच्या सल्ल्याने परीक्षा सुरू केल्या. काव्य-निबंधाची परीक्षा सर्वांत मानाची, त्याखाली अभिजात ग्रंथांची, मग वैद्यक, कायदा वगैरे विद्यांची. भिक्षूंसाठी वेगळी परीक्षा होती. लष्करी परीक्षा मात्र जवळजवळ नव्हतीच, हे लक्षात ठेवा, पुढच्या प्रश्नाला लागेल.

पण पाचव्या आणि त्यावरच्या श्रेणीच्या अधिकाऱ्यांच्या मुलांना परीक्षेशिवाय नोकरीची सवलत होती. परीक्षेचा खरा फायदा झाला तो खेड्यातल्या कारभारी घराण्यांना. अभ्यासाला लागणारी वर्षानुवर्षांची सवड शेतकऱ्याच्या मुलाला कुठून मिळणार?

सेनापतींनी राजाला बाहुलं केलं होतं, असं ऐकलं. कधी?

११७० ते १२७०, शंभर वर्षं. विद्वान अधिकाऱ्यांनी सैन्याची कायम हेटाळणी केली. एका तरुण अधिकाऱ्याने जॉंग जुंग-बू या सेनापतीची दाढी मेणबत्तीने जाळली होती. मग ११७० मध्ये राजाच्या सहलीत एका मुलकी अधिकाऱ्याने एका वयस्क सेनापतीच्या थोबाडीत मारली आणि सगळे हसले. त्याच रात्री कत्तल सुरू झाली. उइजोंग राजाला पदच्युत करून पुढे मारण्यात आलं, आणि मारणारा ई उइ-मिन हा मीठ आणि चाळण्या विकणाऱ्याचा मुलगा, आई एका मठाची गुलाम. तोच पुढे बारा वर्षं राज्याचा धनी होता. मानजॉकच्या तोंडचे शब्द हवेतून आले नव्हते.

बौद्ध धर्माचं स्थान काय होतं?

मध्यवर्ती. राजपुत्र भिक्षू होत. मुनजोंग राजाचा मुलगा उइछॉन हा त्यांतला सर्वांत मोठा विद्वान. मठांकडे जमिनी होत्या, गुलाम होते, ते धान्य व्याजाने देत, दारूही गाळत. शेवटी शेवटी त्यांच्यावर जो राग निघाला त्याचं कारण हेच.

वर्षात दोन मोठे सण: दिव्यांचा यॉनदुंगह्वे आणि हिवाळ्यातला फालग्वानह्वे. दुसऱ्या सणात बुद्धाबरोबर डोंगर, नद्या, आकाश यांचेही देव पुजले जात आणि सोंग चीनचे, उत्तरेकडचे जुर्चेन आणि थामना (आजचं जेजू) बेटाचे लोक राजाला नजराणे आणत. अकराव्या शतकात अरब व्यापारीही राजधानीजवळच्या ब्यॉंगनान्दो बंदरात उतरले होते.

आणि त्रिपिटकाचे ठसे. मंगोल स्वाऱ्यांमुळे दरबार गांगह्वा बेटावर गेलेला, देश जळतोय, आणि १२३६ ते १२५१ या काळात लाकडी फळ्यांवर अक्षरं उलटी कोरण्याचं काम चालू आहे. आधीचे ठसे १२३२ मध्ये मंगोलांच्या आगीत गेले होते. बुद्धाच्या कृपेने शत्रू हटेल ही श्रद्धा त्यामागे होती. ८० हजारांहून अधिक फळ्या, दोन्ही बाजूंनी कोरलेल्या, आजही हेइन्सा मठात आहेत.

मंगोलांनी काय बदललं?

लढाई १२३१ ते १२५९ चालली. तहानंतर गोर्यो नावाने राहिलं, पण राजे कुबलाईच्या घराण्याचे जावई झाले. त्यांच्या नावांत 'छुंग', म्हणजे निष्ठा, हे अक्षर लागू लागलं. अर्क गाळून दारू करण्याची विद्या, आजची सोजू, याच काळात आली.

सगळ्यात मोठा घाव घरांवर बसला. युआन (चीनमधली मंगोल राजवट) दरबारासाठी तरुण मुली खंडणी म्हणून नेल्या जात. आईबाप मुलींची लग्नं लहानपणीच उरकू लागले. अशा नेलेल्यांपैकी गी घराण्यातली एक मुलगी पुढे युआन सम्राज्ञी झाली आणि तिच्यावर मालिका निघते. बाकी बहुतेकींची नावंही उरलेली नाहीत.

ते काय खात होते? किमची (मुरवलेल्या भाज्या) होती का?

होती, पण लाल नव्हती. मिरची मूळची अमेरिकेतली, ती समुद्रमार्गे सोळाव्या शतकात आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली आणि तिकडे त्यानंतर. कवी ई ग्यू-बो (११६८–१२४१) याने परसातल्या सहा भाज्यांवर कविता केल्या आहेत. त्यात मुळा उन्हाळ्यासाठी सोयाच्या रसात आणि हिवाळ्यासाठी मिठात मुरवायचा, असं तो सांगतो.

मालिकेत गोर्योचे लोक कोरियन अक्षरांत पत्र लिहितात. बरोबर आहे का?

नाही. ती लिपी राजा सेजोंगने १४४३ मध्ये तयार केली. गोर्योत चिनी अक्षरं चालत. छपाई मात्र पुढे होती: छॉंगजूच्या हुंगदॉक्सा मठात १३७७ मध्ये धातूच्या सुट्या खिळ्यांनी छापलेलं 'जिकजी' हे जगातलं अशा छपाईचं सर्वांत जुनं उपलब्ध पुस्तक आहे. त्याचा उरलेला एकच खंड पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

अयोध्येच्या राजकन्येची गोष्ट याच काळातली का?

गोष्ट त्याआधीच्या गाया राज्याची, पण आपल्यापर्यंत पोचली ती गोर्योतल्या इर्यॉन या भिक्षूने तेराव्या शतकात लिहून ठेवली म्हणून. 'आयुथा' देशाहून हॉ ह्वांग-ओक इ. स. ४८ मध्ये जहाजाने आली, असं तो लिहितो. आयुथा म्हणजे अयोध्या हे नंतरच्यांनी जुळवलं. भारतात याला आधार देणारी कुठलीही जुनी नोंद नाही.

भारताशी खात्रीचं नातं हवं असेल तर ध्यानभद्र बघा. मगधाचा हा भिक्षू १३२६ मध्ये गोर्योत आला, तिथे त्याला 'जिगोंग' म्हणत. त्याचा शिष्य नाओंग पुढे राजाचा गुरू झाला.

मला काल्पनिक राज्य लिहायचंय. सुरुवात कुठून करू?

नदीवरून करा. ११२३ मध्ये आलेला चिनी दूत शू जिंग लिहितो की हे लोक सकाळी अंघोळ केल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत, उन्हाळ्यात दिवसातून दोनदा नदीत उतरतात, बायका-पुरुष एकत्र, आणि चिनी लोकांना मळकट म्हणून हसतात. कपडे काठावर ठेवलेले. आता ठरवा की त्या पाण्यात कोण कोण आहे: माहेरीच राहिलेली वारस मुलगी, तिचा नवरा, तिच्या वाट्याला आलेली गुलाम बाई. जोसॉनच्या चौकटीत ही तिघं अशी भेटणारच नाहीत.

आज यातलं काय बघता येतं?

केसॉंगमधले राजवाड्याचे चौथरे आणि वेशीची दारं उत्तर कोरियात असल्याने आपल्याला सहज पोचता येत नाही. २०१३ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात मात्र बाराव्या शतकातलं हिरव्या चिनीमातीचं एक धूपपात्र आहे. वर जाळीदार गोल झाकण, त्यातून धूर निघायचा. मधे पाकळ्या. ते सगळं ज्या पाटावर ठेवलंय, तो पाट खाली तीन छोट्या सशांनी पाठीवर उचलून धरलाय, आणि त्यांच्या डोळ्यांच्या जागी काळे ठिपके दिले आहेत.